परका जबडा

आमच्या विषयाच्या एका नियतकालिकात दीड पानाची एक दुरुस्ती छापलेली आहे. तिच्यातलं एक वाक्य असं आहे: उत्खननाच्या जागी दोन नमुन्यांवरचे नंबर माझ्या हातून उलटसुलट पडले. यातला ‘माझ्या’ म्हणजे माझे सर. वाक्य खोटं आहे. नंबर सरांनी घातले नव्हते, मी घातले होते. वर ते वाक्य टाइपही मीच केलं, सरांच्या पेडण्याच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या मेजावर लॅपटॉप ठेवून. सर आता नाहीत. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागले तर वाचणाऱ्याने सावध राहावं. मला ती खोड आहे.

मी डिचोलीची. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, खाणीतून जेटीपर्यंत आणि परत. आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे पांढरे राहत नसत आणि आई जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कठड्यावरून दिवसातून दोनदा फडकं फिरवायची. भूशास्त्र मी काही आवडीने घेतलं नाही. आमच्या भागात ते शिकलं की खाणीवर नोकरी लागते असं सगळ्या नातेवाइकांनी ठरवून टाकलं होतं आणि मला त्यांच्याशी वाद घालण्याचा कंटाळा आला होता. पदवी हातात येईपर्यंत खाणी बंद पडल्या. रस्त्यावरचे ट्रक दारोदारी उभे राहिले, त्यांच्या चाकांवर वेली चढल्या. तोवर मला एका सहलीत कुणीतरी दगडातलं एक हाड दाखवलं होतं, मगरीच्या जातीच्या कुठल्याशा प्राण्याच्या मणक्याचं. मी ते हातात घेतलं आणि परत द्यायला विसरले. एवढंच झालं. त्यानंतर दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

गंमत अशी की गोव्यात असली हाडं नाहीतच. आमचे दगड इतके जुने की तेव्हा हाड असलेला प्राणी जन्मालाच आला नव्हता, आणि वरचा सगळा जांभा. त्यामुळे गावी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, मग तू करतेस काय? बाजारात भाजी विकणारी एक बाई मला हाडांची डॉक्टर समजून बसली होती. एकदा तिने रस्त्यातच मला गाठून ढोपर दाखवलं. मी आधीच कुठल्यातरी गोष्टीने तापले होते. म्हटलं, मावशी, वीस कोटी वर्षांच्या वरचं ढोपर असेल तरच मी बघते. तिने ते मनावर न घेता मला भेंड्यांवर दोन भेंड्या जास्त घातल्या. मी अशी फटकळ आहे आणि लोक माझ्याशी त्याहून बरे वागत आले आहेत.

सर पेडण्याचे. मोपाच्या सड्याच्या, त्या जांभ्याच्या पठाराच्या, खालच्या अंगाला त्यांचं गाव. ते लांबच्या एका संस्थेत शिकवत होते आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जीवाश्मांवर काम करत होते. मी पीएच.डी.साठी मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, माझ्या अर्जावरचं डिचोली वाचलं आणि एकदम गावच्या बोलीवर आले. रस्त्यावर अजून ती धूळ उडते का, असं विचारलं. बाकीचे दोन परीक्षक एकमेकांकडे बघत राहिले. मी म्हटलं, आता नाही उडत. सर म्हणाले, बरां झाला आनी वायटय झाला. तिथून पुढे सहा वर्षं आम्ही दोघं गोव्याबाहेर गोव्यात असल्यासारखे राहिलो. छावणीत चहाबरोबर पाव मिळत नाही म्हणून दोघांचीही कुरकुर चालायची आणि बाकीची पोरं हसायची.

आमचं खोदकाम प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात. तिथली मातीही तांबडी, पण आमच्या तांबडीहून मऊ, चिखलाची झालेली. थंडीत दोन-अडीच महिने आम्ही तिथे असायचो. सर वाकून चालायचे आणि मध्येच काहीतरी उचलून जिभेला लावायचे. हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. काकींना, म्हणजे सरांच्या बायकोला, या प्रकाराची किळस होती. लग्नात हे कळलं असतं तर अंतरपाट धरू दिला नसता, असं त्या म्हणायच्या.

हाड सापडलं की ते तसंच उपटून काढायचं नसतं. भोवतालच्या मातीसकट त्याचा गड्डा सुटा करायचा, हाडावर ओला कागद चढवायचा, मग गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून सगळीकडून गुंडाळायच्या, मोडलेल्या पायाला करतात तसंच. याला आम्ही जॅकेट म्हणतो. जॅकेट सुकलं की जागेवरच, खड्ड्यात बसून, त्यावर नंबर लिहायचा आणि उत्तर दिशेचा बाण काढायचा. तो लिहिल्याशिवाय जॅकेट तसूभरही हलवायचं नाही. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, पुढे कित्येक वर्षं ते कुणी उघडतही नाही, त्यामुळे कुठून आलं हे सांगणारा तेवढा नंबरच. सरांचा हा एकच नियम होता आणि त्यावर ते चिडायचे. एरवी त्यांना चिडलेलं मी पाहिलेलं नाही.

नंबर लिहिण्याचं काम मात्र विद्यार्थ्यांचं. प्लास्टरने सरांची बोटं फाटायची, सांध्यांवर चिरा पडायच्या. काकी घरून भिरंडेल द्यायच्या, कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल, आणि सर संध्याकाळी ते शेकोटीजवळ पातळ करून बोटांना चोळत बसायचे. त्या बोटांनी त्यांना पेन नीट धरता येत नसे. माझं अक्षर चांगलं, म्हणून माझ्याकडे ते काम आलं होतं. मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी आमचे दोन खड्डे चालू होते, एकाच ओढ्याच्या काठावर, एक वरच्या तांबड्या थरात आणि एक खालच्या हिरवट थरात. वरच्या खड्ड्यातून आदल्या दिवशी एका कवटीचं जॅकेट निघालं होतं, त्यावर मी नियमाप्रमाणे नंबर घातला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही खड्ड्यांतून एकेक जॅकेट तयार झालं. दोन्ही साधारण सारखीच, मोठ्या फणसाएवढी. सर त्या दिवशी जीप घेऊन प्लास्टर आणायला गावात गेले होते. माझा फोन खड्ड्यात लागत नसे, टेकाडावर चढलं की लागायचा, तोही नशीब असेल तर. मला घरी फोन करायचा होता. बाबा हल्ली सकाळी उठून अंगणात उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसतात, असं आईने आधीच्या फोनवर सांगितलं होतं आणि माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी मजुरांना म्हटलं, उचला दोन्ही, वर नेऊन ठेवा, नंबर मी वरच घालते.

फोन लागला. आई रडली, मी रडले. बाबा बोलायला आले नाहीत. खाली आले तर दोन्ही जॅकेटं झाडाखाली पेंढ्यावर शेजारी शेजारी ठेवलेली. कुठलं कुठून आलं ते मजुरांना विचारायला हवं होतं, पण ते हातपाय धुवायला ओढ्यावर गेले होते आणि माझे डोळे रडून सुजलेले होते. त्या अवस्थेत मला कुणासमोर जायचं नव्हतं. मी दोन्हींकडे बघितलं. डाव्या हाताचं वरच्या खड्ड्यातलं, असं मला वाटलं. लिहिलं. उत्तरेचा बाणही काढला. खड्ड्यातून उचलून आणलेल्या, फिरवून ठेवलेल्या गड्ड्याची उत्तर कुठली, हे देवालाही सांगता आलं नसतं. मी काढला. छान सरळ बाण काढला. जीप परत येईपर्यंत माझी वही पूर्ण झालेली होती.

पुढे अनेक वर्षं मी त्या फोनच्या आड लपले. घरी असं असताना कुणाचं लक्ष लागेल, वगैरे. पण दोन नंबर लिहायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं लिहून मग टेकाड चढले असते तर बाबा काही केबिनमधून उतरून पळून जाणार नव्हते. मी कामचुकारपणा केला आणि वर तो लपवला, याला दुसरं नाव नाही.

वरच्या खड्ड्याचा नंबर घातलेलं जॅकेट प्रयोगशाळेत उघडलं तेव्हा आत एक खालचा जबडा निघाला. कवटी आणि जबडा एकाच खड्ड्यातले, म्हणून ते एकाच प्राण्याचे असं आम्ही धरलं. सुई आणि ब्रश घेऊन आम्ही त्यावर बरेच महिने काम केलं. विचित्र जबडा होता, दातांची रांग अशी की त्या कवटीच्या प्राण्याला असे दात असतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. जबड्याचं सांध्याचं टोक तुटलेलं होतं, त्यामुळे तो कवटीला बसतो की नाही हे लावून बघता येत नव्हतं. सर आठवडेच्या आठवडे दोन्ही समोर ठेवून बसायचे. एकदा म्हणाले, या जबड्याला लागलेली माती जरा हिरवट वाटते. मी म्हटलं, वरच्या थरातही कुठेकुठे तशी असते. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, नंबर नक्की?

मी म्हटलं, “नक्की, सर.”

म्हणताना ते झाडाखालचं पेंढ्याचं चित्र डोळ्यांपुढून गेलं. पण तोवर सर इतके आनंदात होते, आणि मीही. माझा प्रबंध त्याच प्राण्यावर उभा राहत होता.

सरांनी त्या प्राण्याला नवं नाव दिलं आणि नावात आपल्या पेडण्यातल्या गावाचं नाव गुंफलं. आमच्यात असं नाव ठेवताना सापडलेल्या जागेचं नाव देतात, फार तर कुणा माणसाचं. सापडलं तेलंगणात आणि नाव गोव्याचं, म्हणून सगळ्यांनी सरांची यथेच्छ थट्टा केली. पृष्ठवंशी जीवाश्मांवर काम करणारी आपल्या देशातली सगळी माणसं एका लग्नाच्या एका पंगतीत बसतील एवढीच. प्रत्येकाला प्रत्येकाची भांडणं पाठ, कुणाचं हाड कुणी पळवलं, कुणाची जागा कुणी उघड केली. पण सरांशी कुणाचं वैर नव्हतं. सर म्हणायचे, आमच्या जांभ्यात एक दातसुद्धा मिळणार नाही, तर एका नावात तरी आमचं गाव राहू दे. एका चित्रकाराने त्या प्राण्याचं चित्र काढून दिलं. काकींनी ते काच लावून सोप्यावर, बसायच्या जागेच्या वर टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगायच्या, ह्यो आमच्या गावचो.

सर निवृत्त होऊन गावी आले. मोपाच्या सड्यावर विमानतळासाठी जमीन कापत होते तेव्हा ते रोज काठी घेऊन ती कापलेली भिंत बघायला जायचे. काही मिळणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी जायचे. मी तोवर एका संग्रहालयात हंगामी कामावर होते आणि कायमच्या जागेची मुलाखत तोंडावर आली होती.

त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाचं सरांना आणि मला पत्र आलं. त्यांनी त्या ओढ्याच्या खालच्या थरात खोदलं होतं आणि त्यांना एक जवळजवळ अख्खा प्राणी मिळाला होता. त्याला आमचाच तो जबडा होता. डोकं मात्र दुसरंच, त्या जबड्याला शोभेल असं. पत्र अतिशय सभ्य होतं. तुमच्या नमुन्याच्या जागेबद्दल काही शंका आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

खालच्या खड्ड्याचा नंबर घातलेलं दुसरं जॅकेट संस्थेच्या कोठारात इतकी वर्षं तसंच बंद पडून होतं. मी जाऊन ते उघडलं. आत बरगड्या आणि दोन मणके, भोवती शुद्ध तांबडी माती. कवटीचीच माती. त्या बरगड्या कवटीच्या मालकाच्या होत्या, आणि तो मालक म्हणजे आधीच नाव असलेला, चारचौघांसारखा एक प्राणी होता. जबडा काढून घेतला की सरांच्या प्राण्यात नवं असं काही उरतच नव्हतं. सरांनी वर्णन केलेला, सोप्यावरच्या चित्रातला तो प्राणी पृथ्वीवर कधी जगलाच नव्हता. मी तो झाडाखाली पेंढ्यावर तयार केला होता.

डिचोलीहून बस पकडून मी पेडण्याला गेले. काकी देवळात गेल्या होत्या, घरात सर एकटेच. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, फोन, टेकाड, पेंढा. सर ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“बाण कोणी काढलो?”

“मीच.”

“उत्तर खंय ती कशी समजली तुका?”

मी म्हटलं, अंदाजान. तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. नंबर चुकतो, माणसाच्या हातून चुकतो. पण बाण मी बनवला होता. त्यांना काय लागलं ते मला बरोबर कळलं आणि आजही कळतं.

बऱ्याच वेळाने ते उठले, मेजावरची पाण्याची भांडी बाजूला केली आणि लॅपटॉप उघड म्हणाले. दुरुस्ती आजच लिहून टाकू. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. नंबर ‘माझ्या हातून’ पडले, या शब्दांशी माझी बोटं थांबली. मी म्हटलं, सर, पण हे. ते म्हणाले, “खड्डो माझो, नियम माझो, तू माझी विद्यार्थिनी. तुझी मुलाखत आसा. माझा आता काय जाता? लिही.”

मी लिहिलं. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड होतं, एरवी ते कुणापुढे बंद नसतं. त्या दिवशी मी मूग गिळून बसले. काकी देवळातून आल्या, त्यांनी केळीच्या पानावर प्रसाद दिला, तोही खाल्ला.

मुलाखतीत एका परीक्षकाने विचारलं, तुमच्या सरांकडे नंबर असेच घालायचे का हो? सगळे हसले. मीही हसले. नोकरी मिळाली.

दुरुस्ती छापून आली आणि सरांचं दिलेलं नाव रद्द झालं. आमच्या शास्त्रात रद्द झालेलं नाव पुसत नाहीत, यादीत ठेवतात, पुढे चुकीचं म्हणून लिहितात. गावाचं नाव तसं राहिलं. वार्षिक बैठकीत एकाने गमतीच्या सत्रात सरांच्या प्राण्याच्या कवटीला म्हशीचा जबडा लावलेलं चित्र पडद्यावर दाखवलं. दुष्टपणाने नाही, आमच्याकडे असं चालतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, हातातल्या चहाच्या कपात बघत राहिले. सर त्या बैठकीला नव्हते. पुढेही कुठल्या बैठकीला आले नाहीत. फोनवर माझ्या कामाबद्दल विचारायचे, कोठाराला कुलूप नीट लागतं ना विचारायचे. त्या दुरुस्तीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी काढू दिला नाही. दीड वर्षाने ते गेले, साध्या न्यूमोनियाचं निमित्त झालं. खांदा द्यायला गावचे लोक होते. आमच्या पंगतीतले तिघेच आले.

उन्हाळ्यात मी काकींना भेटायला गेले. त्या अंगणात कोकमं फोडत बसल्या होत्या, मनगटापर्यंत हात लाल झालेले. मीही बसले आणि बिया वेगळ्या करायला लागले. विमान उतरायला लागलं की काकी बोलायच्या थांबतात, ते गेलं की राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू करतात. असंच मध्ये थांबून त्या म्हणाल्या, त्यांचं सामान आवरताना मला जुने फोटो सापडले. सगळ्या फोटोंत प्लास्टरवर लिहिणारी पोरं आहेत. ते कुठेच लिहीत नाहीत. त्यांच्या बोटांना पेन धरवत होतं कुठे? मग तो नंबर त्यांनी कसा घातला असेल?

मी बिया वेचत राहिले.

काकी म्हणाल्या, दुसऱ्या कुणीतरी घातला असणार आणि यांनी अंगावर घेतलं असणार. तू त्यांच्या सगळ्यात जवळची. “तू सोदून काड गो, कोण तो.”

मी म्हटलं, सोदतंय.

पुढची तीन वर्षं मी शोधत होते. चतुर्थीला, शिगम्याला, रजेवर आले की एकदा पेडण्याला जायचे. काकी पाव आणि चवळीची पातळ भाजी वाढायच्या, आणि माझं जेवण होत आलं की हळूच विचारायच्या, गावलो काय तो? मी म्हणायचे, अजून नाही. कधी म्हणायचे, त्या वर्षीचे दोघं परदेशात आहेत, त्यांना पत्र टाकलंय. असं कुठलंही पत्र मी टाकलं नव्हतं. एकदा तर त्यांनी मला तीन फोटो काढून ठेवून दिले, चेहरे ओळखायला. त्यातल्या एकात मी होते, पाठमोरी, जॅकेटवर वाकलेली. वेणीवरून कुणीही ओळखलं असतं. काकींना चष्मा लावूनही नीट दिसत नव्हतं. मी तो फोटो पर्समध्ये घालून आणला.

आता मी स्वतः विद्यार्थ्यांना खोदकामावर नेते. नंबर आधी, फोन मग, असं ओरडते. यंदाच्या थंडीत एका विद्यार्थिनीने नंबर घालता घालता विचारलं, मॅडम, ते दोन जॅकेटांची अदलाबदल केलेले सर, त्यांना तुम्ही ओळखायचात का? मी म्हटलं, ओळखायचे. ती म्हणाली, इतका मोठा माणूस आणि असा निष्काळजी कसा? तिचं काही चुकलं नव्हतं. तिने छापलेलं वाचलं होतं. त्याच आठवड्यात मी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, सगळं, बाणासकट. पाठवायच्या आधी काकींना सांगावं म्हणून पेडण्याला गेले.

काकी सोप्यावर बसल्या होत्या. या खेपेला त्यांनी गावलो का विचारायच्या आधीच मी म्हटलं, “काकी, तो नंबर मीच घातल्लो.”

मला वाटलं, आता घराबाहेर काढतील, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. मी पत्र वाचून दाखवायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं.

“त्येंका ठावक होता?”

“होता. मी सांगितल्लंय. ता लिहिलां तेच्या आदीच.”

वरून विमान गेलं. ते गेल्यावरही त्या बोलल्या नाहीत. मी खाली वाकून त्यांचे पाय धरायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतले, रागाने नव्हे, लहान मुलाला बाजूला सारतात तसं. मग म्हणाल्या, मी तुला हे का शोधायला सांगत होते, ठाऊक आहे?

मी मानेनेच नाही म्हटलं.

“छापून इला तेव्हा मी त्येंका बोललंय. म्हटलंय, जल्मभर पोरांका शिकवल्यात, नंबर आदी. आनी सोता असा केल्यात. गावाचा नाव घालवल्यात. एकदा नाय गो, खूपदा बोललंय. हास्पितलात नेल्यानी त्या दिसा सकाळीसुदीक. ते नुसते आयकत रवले.”

पत्र माझ्या हातात तसंच होतं. मी म्हटलं, काकी, हे छापून आलं की सगळ्यांना कळेल.

“सगळ्यांका कळात,” त्या म्हणाल्या. “त्येंका मी आता कसा सांगू?”